ईशान्येचं पाणी

मंडळी, आज दुपारपासून डोकं बधिर झालंय, म्हणून इथे लिहून टाकते.

सरकारची फुकट डिजिटल नकाशांची वेबसाइट आहे ना, तिच्या हेल्पलाइनवर मी काम करते. आज एकाचा फोन आला. कनाटात, म्हणजे आमच्याच उपनगरात, घर बघतोय, पुराचा धोका आहे का ते नकाशावर कसं बघायचं, असं विचारत होता. त्याने पत्ता सांगितला. आमच्या शेजारचंच घर.

मी सवयीने पुराची लेयर ऑन केली. निळा रंग मागच्या ओढ्यापासून त्या घरावर आणि तिथून आमच्या अख्ख्या घरावर पसरलेला.

इकडे परदेशात हे घर घेताना नागपूरहून सासऱ्यांनी व्हिडिओ कॉलवर आम्हाला कंपास घेऊन खोलीखोलीतून फिरवलं होतं. मागचा ओढा ईशान्येला निघाला तेव्हा म्हणाले, "ईशान्येला पाणी! हे घर सोडू नका." नाही सोडलं. रोज लोकांना "पत्ता टाका" सांगते, स्वतःचा एकदाही टाकला नाही.

तो माणूस म्हणाला, "थँक यू मॅडम, वाचलो आम्ही." मी "हॅव अ गुड डे" म्हटलं आणि पुढचा कॉल घेतला.

घरी आल्यावर सासऱ्यांचा रोजचा फोन. "काय बेटा, ओढ्याला पाणी आहे ना?"

"आहे, बाबा."

नवरा आत्ता खाली बेसमेंटमध्ये रंग लावतोय. आई-बाबा उन्हाळ्यात कायमचे राहायला येतायत, त्यांची खोली आहे ती.

आधी कुणाला सांगू?