नमुन्याच्या घरातली मुलगी

पंधराव्या वर्षी, शाळेला सुट्टी लागल्याबरोबर, मुलीला स्वतःची खोली मिळाली. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा, एवढी तरी.

नव्या इमारतीत गिऱ्हाइकांना दाखवायला एक नमुन्याचं घर सजवलेलं होतं. मुलीची आई तिथली लादी पुसायची आणि मुलगी जिन्यात बसून तिची वाट बघायची. तिथेच विक्रीच्या साहेबांनी तिला हेरलं. घरात मूलबाळ दिसलं की घर पटकन विकलं जातं, असा त्यांचा अनुभव. ऑफिसातून नवा ड्रेस आला आणि अभ्यासाच्या टेबलाशी बसायचं काम मिळालं. अट एकच: गिऱ्हाइकासमोर लादी पुसणाऱ्या बाईंना आई म्हणायचं नाही.

"त्यात काय," मुलगी म्हणाली.

आईने फडका पिळला. पिळायचाच होता म्हणा.

थाट तर विचारू नका. पुस्तकांच्या नुसत्या पाठी, आत पुठ्ठा. लॅपटॉप प्लास्टिकचा, संत्री मेणाची. नळ इतके चकाकते की पाणी येत नाही याचं वाईटही वाटू नये. खोली ऐसपैस दिसावी म्हणून पलंग मुद्दाम वीतभर आखूड केलेला; श्रीमंतीतही पाय पोटाशी घेऊनच झोपावं लागतं, हे ज्ञान मुलीला तिथे झालं. तरी घरी, जिथे स्वयंपाक, अभ्यास आणि बापाचं घोरणं एकाच खोलीत चालायचं, तिथे ती चार दिवसांत नाक मुरडू लागली.

"आमच्याकडे पांढरे पडदे आहेत," ती म्हणाली.

"हो का," आई म्हणाली. "मग बाईसाहेब, तुमच्याकडच्या नळाला पाणी आलं की कळवा. दोन बादल्या तिकडूनच भरून आणते."

आठव्या दिवशी एक जोडपं आलं. बांधकामावरून चालत आलेलं, बुटांना सिमेंट. ते पुढे, आणि त्यांची पावलं पुसत आई गुडघ्यांवर मागे. मुलगी प्लास्टिकच्या कळांवर बोटं चालवत अभ्यास करत होती.

आई टेबलापाशी पोचली. "ताई, पाय उचला."

मुलीने पाय उचलले. आठ दिवसांत ते आपोआप उचलले जाऊ लागले होते. पण आज पुसून झाल्यावर आईला उठता येईना. तिने एक हात गुडघ्यावर ठेवला, दुसऱ्याने टेबलाची कड धरली.

"अहो बाई, ओले हात," जोडप्यातली बायको म्हणाली. "डाग पडेल ना."

आईने हात काढून घेतला. साहेबांनी मुलीकडे पाहिलं. मुलीचे पाय अजून अधांतरीच होते. मग ते ओल्या लादीवर उतरले.

"आई, ऊठ. मी पुसते."

साहेबांचा चेहरा क्षणभर कोऱ्या पाटीसारखा झाला. क्षणभरच. "पाहिलंत?" ते म्हणाले. "कामाच्या बाईंना आई म्हणते. आमच्या इमारतीचं वातावरणच तसं आहे."

"नाही हो," मुलगी म्हणाली. "ती माझी खरीच आई आहे."

"किती गोड," बायको म्हणाली आणि तिने डोळे टिपले. नवऱ्याने पार्किंगचं विचारलं.

संध्याकाळपर्यंत घराचं बुकिंग झालं. जाताना साहेबांनी मुलीची पाठ थोपटली. "उद्यापासून प्रत्येक गिऱ्हाइकासमोर असंच म्हणायचं. पुसायचं मात्र नाही हं, ड्रेस खराब होईल. ते बाई बघतील."

दोघी घराकडे निघाल्या. आई जरा लंगडत होती.

"मी उद्या यायची नाही," मुलगी म्हणाली.

"ये की," आई म्हणाली. "इतक्या दिवसांत आज एकदा आई म्हणालीस. आता निदान दिवसातून चार वेळा तरी ऐकायला मिळेल."