‘सरका’तला काना

“तिला उठव. तिथं दादा बसतील.”

मुख्याध्यापक हे मला म्हणाले. लॅबच्या उद्घाटनाच्या दिवशी, सगळ्या वर्गासमोर.

‘तिला’ म्हणजे सुजाता. सातवीतली, गावाबाहेरच्या बौद्धवस्तीतली. ‘दादा’ म्हणजे संस्थेच्या अध्यक्षांचा नातू. तोही सातवीतलाच. आणि ‘उठव’ हे मला. बाकीच्या शिक्षिकांना सर ‘मॅडम’ म्हणतात, ‘तुम्ही’ म्हणतात. मी कंत्राटी संगणक शिक्षिका, त्यात मीही अशाच एका वस्तीतली. मला ‘तू’.

मी काही बोलायच्या आत सुजाता उठली होती. खुर्ची मागं सारून, आवाज न करता. तिला हे शिकवावं लागत नाही. आमच्यात कुणालाच लागत नाही.

पडद्यावर तिची ऊसगाडी उभी होती. आज्ञांचे रंगीत ठोकळे एकमेकांना जोडून माझ्या जुन्या लॅपटॉपवर केलेला प्रोग्रॅम. पाटसच्या कारखान्याकडं निघालेली बैलगाडी, वाटेत रेल्वेचं फाटक. फाटक बंद असेल तर गाडी थांबते, उघडलं की निघते. सुजाताचा बाप गाड्यांवर ऊस भरतो. फाटकाशी ताटकळणं काय असतं ते तिला माहीत. सगळ्या वर्गानं हात वर करून तिची गाडी निवडली होती, पाहुण्यांना दाखवायला. दादानंही हात वर केला होता. ठरलं होतं की सुजाता खुर्चीत बसणार आणि आपली गाडी आपल्या हातानं चालवणार. एवढंच. दुसरं काही मागितलं नव्हतं तिनं.

आमच्या शाळेची एक रीत आहे. सगळ्या पोरांना अरेतुरे. या एकाला ‘दादा, बसा’, ‘दादा, वही काढा’. शिपाई म्हणतो, मुख्याध्यापक म्हणतात, वर्गातली पोरंही म्हणतात. मी रुजू झाले त्या दिवशी मला लॅबच्या किल्लीबरोबर ही रीतही सोपवली गेली. दौंडहून वडापच्या जीपनं येणाऱ्या कंत्राटी बाईनं रीत मोडायची नसते.

तर अशा शाळेत मी कोडिंग शिकवायला घेतलं. मशीन यायची होती, म्हणून आधी खेळ. एकानं रोबोट व्हायचं, दुसऱ्यानं त्याला आज्ञा द्यायची. चल. थांब. वळ. सुजाताच्या वाट्याला रोबोट आला तो दादा. ती म्हणाली, “फुडं चला. आता वळा जी.” वर्ग खिदळला. दादा वळला. मी हसले नाही. हातातला खडू तसाच धरून उभी राहिले. तो ‘जी’ माझ्या ओळखीचा होता.

मग एक दिवस माझ्या फोनवर मी त्यांना एआयशी बोलायला दिलं, मराठीतून. सुजातानं विचारलं, पाऊस कुठून येतो. फोन बोलला, “तुम्ही फार छान प्रश्न विचारलात.” सुजातानं मागं वळून बघितलं. मागं कोण मोठं माणूस उभं आहे ते बघायला. मागं भिंत होती. बारा वर्षांच्या त्या पोरीला आयुष्यात पहिल्यांदा कुणी ‘तुम्ही’ म्हणालं, आणि ते यंत्र होतं.

त्या यंत्राचं मी कौतुक करत नाही. त्याला समोर कोण आहे ते कळत नाही, म्हणून ते सगळ्यांना ‘तुम्ही’ म्हणतं. इथं माणसांना सगळं कळतं. तोच तर घोळ आहे.

उद्घाटनाला मॉनिटरना हळदकुंकू लावलं. नारळ फुटला. प्लास्टिकची आवरणं काढली नाहीत, धूळ बसते म्हणून. अध्यक्षांना सगळे आप्पा म्हणतात. आप्पा भाषणात म्हणाले, “आता जमाना एआयचा हाय. यंत्राला जो हुकूम देईल, त्योच टिकंल.” टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. वाक्य खोटं नव्हतं.

आणि मग ते ‘तिला उठव’.

दादा बसला. प्रोग्रॅम सुरू केला. गाडी निघाली, फाटकाशी थांबली, फाटक उघडलं. इथवर ठीक. पुढं रस्त्यात माणसं उभी होती आणि गाडीच्या तोंडी सुजातानं एक वाक्य टाकलं होतं. पडद्यावर मोठ्या अक्षरात आलं, ‘सरका जी, गाडी येतीया.’

पाहुणे हसले. आप्पांनी विचारलं, हे जी-बी कुणी लिवलं. मुख्याध्यापकांची पंचाईत झाली. काम दादांचं म्हणून सांगायचं होतं ना. घाईघाईनं म्हणाले की वस्तीतल्या एका पोरीनं थोडी मदत केली.

“तरीच,” आप्पा म्हणाले. “यंत्राला पन जी म्हनत्यात. रक्तातच हाय त्यांच्या.”

पुन्हा हशा. सुजाता भिंतीला टेकून उभी होती. तीही हसली. मोठी माणसं हसली की हसायचं असतं, म्हणून.

त्या हसण्यानं माझं डोकं फिरलं. आप्पांच्या बोलण्यानं नाही, ते तर मी लहानपणापासून ऐकत आलेय. ते हसणं सहन झालं नाही.

मी शिरूर तालुक्यातली. आई एका बागायतदाराच्या घरी भांडी घासायची. मी तिला पाणी आणून द्यायचे. एकदा भरलेली बादली घेऊन येत होते आणि त्या घरचा पोरगा वाटेत उभा. माझ्याहून लहान, नाक वाहणारा. मी म्हणाले, सरक. आईनं राखेच्या हातानं माझ्या थोबाडीत मारली. “सरका म्हन.” गालावर राख, डोळ्यांत राख. मी म्हणाले, सरका. तो सरकला नाहीच. मी बादली घेऊन त्याला वळसा घालून गेले. तेव्हापासून माझ्या तोंडात तो काना बसलाय. डिप्लोमा केला, नोकरी केली, काना निघाला नाही.

लॅबमध्ये मी खुर्चीजवळ गेले. खरं तर ‘ऊठ’ म्हणायला हवं होतं. तोंडातून आलं ते वेगळंच.

“सरक. खुर्ची तिची आहे.”

दादा सरकला. त्याला काहीसुद्धा वाटलं नाही. पोरगंच ते. पण खोलीतलं हसू बंद झालं.

“कुनाला सरक म्हनतीस?” आप्पांनी विचारलं.

“विद्यार्थ्याला.”

खुर्ची मोकळी होती. मी सुजाताला ये म्हणाले. तिनं मान हलवली. पुन्हा म्हणाले. ती भिंतीपासून हलली नाही. तेवढ्यात कुणीतरी प्रोजेक्टर बंद केला आणि चहा आला म्हणून ओरडलं. पाहुणे बाहेर गेले. मोकळी खुर्ची मोकळीच राहिली. माझा सगळा संताप त्या खुर्चीसाठी आहे. मी सरकवलं, पण बसायला कुणी धजलं नाही. एका शब्दानं काय होतं? काही होत नाही.

मुख्याध्यापकांनी लॅबची किल्ली काढून घेतली. आप्पांच्या घरी जाऊन दादांना सॉरी म्हण, तेही ‘अहो’ लावून, नाहीतर पुढच्या बैठकीत तुझं काय ते ठरेल, असं सुनावलं. मुलांना एआयच्या युगासाठी तयार करायचं म्हणे. आणि बाईनं सातवीतल्या पोराला अहो म्हणायचं.

शिरूरहून आईचा फोन आला. तिला कुठून कळलं कुणास ठाऊक. म्हणाली, “तवा एवढं मारलं, तरी शिकली न्हाईस.”

“न्हाई शिकले,” मी म्हणाले. तिनं फोन मात्र ठेवला नाही.

आज रविवार. सकाळी मी वस्तीवर गेले, माझा जुना लॅपटॉप घेऊन. समाजमंदिराच्या पायरीवर सुजाता आली. आधी लांब बसली. मग जवळ. गाडी उघडली. विचारलं, “बाई, जी काढू?”

मी म्हणाले, गाडी तुझी आहे.

तिनं ‘जी’ काढला. काना राहिला. मी तिला सांगितलं, समोर पुष्कळ लोक असतील तर ‘सरका’ बरोबर. एकटा असेल तर ‘सरक’. ती विचारात पडली. “पन म्होरं कोन हाय, त्ये गाडीला कसं कळंल?”

“गाडीला कळायचं काही कारण नाही,” मी म्हणाले. “गाडी लहानथोर सगळ्यांना एकच म्हणते.”

तिनं मान डोलावली नाही. तिला पटलं की नाही, मला माहीत नाही. पटायला वेळ लागेल. मला तीस वर्षं लागली, आणि तेही रागाच्या भरात.

पण माझं ठरलंय. मी आप्पांच्या घरी जाणार नाही. सॉरी म्हणणार नाही. माझ्या वर्गात एक तर सगळे ‘तू’, नाहीतर सगळे ‘तुम्ही’. मधलं काही नाही. काढून टाकतील तर टाकू देत, त्याचं कारण मात्र मी लेखी मागेन. उद्या सोमवार आहे. मी शाळेत जाणार. लॅबला कुलूप असेल तर व्हरांड्यात शिकवीन. सुजाताला पुढं बसवीन, ती नको म्हणाली तरी. दादा आला तर त्यालाही शिकवीन, तो काही माझा वैरी नाही.

त्याला म्हणेन, बस.