अक्कांनी बंद केलेली वाट

अक्कांच्या हेल्मेटला आतून टिकल्या चिकटलेल्या असायच्या. लाल, मरून, एखादी हिरवी. हेल्मेट काढलं की कपाळावरची टिकली आतच राहायची आणि दुसऱ्या दिवशी त्या नवी लावायच्या. "नवरा गेला म्हणून टिकली कशाला जाईल? ती माझी हाय," असं म्हणायच्या. सत्तरी ओलांडलेली बाई, अंगात नवऱ्याचा जाड स्नोसूट, गुडघ्यापर्यंत बूट, आणि खाली बर्फावरून पळणारी स्नोमोबिल. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला कुणी पुरुषच वाटला. गाडी आमच्या दारात थांबली, हेल्मेट निघालं, आणि आतून आवाज आला, "मराठी बोलतीस न्हवं?"

मी मान हलवली. तेवढीच. मला पटकन बोलायला येत नाही, लहानपणापासूनच. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाल्या, "घुमी हाईस होय? बरं झालं. मला बोलायला जागा मिळंल." त्या दिवसापासून मी त्यांची घुमी झाले. माझं खरं नाव त्यांनी विचारलं की नाही, आठवत नाही.

संतोष, माझा मुलगा, इथल्या खाणीत इंजिनिअर आहे. सून हॉस्पिटलात नर्स आहे. संतोषचे बाबा गेल्यावर त्याने मला इकडे आणलं. हे उत्तर ओंटारिओतलं लहान गाव, टोरांटोहून गाडीने यायला पूर्ण दिवस जातो. दोघंही सकाळी अंधारात निघून जायची आणि अंधारातच परत यायची. मधला सगळा दिवस मी आणि फ्रिजचा आवाज. आमचं घर रस्त्यातलं शेवटचं. त्याच्यापुढे तळं. मी तळं म्हणते, पण ते एवढं मोठं आहे की पलीकडची झाडं नुसती काळी रेघ दिसतात.

अक्का मूळच्या सांगलीकडच्या. त्यांचे यजमान फार पूर्वी खाणीत इलेक्ट्रिशियन म्हणून आले होते. गावात त्यांना सगळे अक्काच म्हणत, गोरे लोकसुद्धा. त्यांना वाटायचं ते बाईंचं नावच आहे. इथल्या स्नोमोबिल क्लबाने आमच्या रस्त्यापासून तळ्याच्या पलीकडच्या काठापर्यंतची वाट त्यांच्याकडे दिली होती. थंडी पडली की गिरमिटाने बर्फाला भोक पाडून जाडी बघायची, चकाकणारी पट्टी लावलेल्या काठ्या तळ्यावर रांगेने रोवायच्या, आणि वाट उघडी की बंद ते ठरवायचं. त्यांनी म्हटलं तर ती उघडी, नाहीतर बंद. क्लबातले दाढीवाले पुरुष त्यांच्या शब्दाबाहेर जात नसत.

मला त्यांनी मागे बसवायला सुरुवात केली ती वजन म्हणून. "तू बोलू नकोस, नुसती बस. मागं वजन असलं की गाडी सरळ जाती." पहिल्या दिवशी मी डोळे मिटून त्यांच्या कमरेला धरून बसले. त्या मध्येच ओरडल्या, "अगं, श्वास घ्यायला जागा ठेव की." पुढच्या वेळी मी डोळे उघडले. सगळीकडे पांढरं, वर निळं, आणि मध्ये आम्ही दोघी. या देशात मला पहिल्यांदा वाटलं की आपण कुठे तरी चाललो आहोत.

बर्फाशी त्यांचं बोलणं चालू असायचं. हातात पहार घेऊन त्या पुढे चालत, दोन पावलांवर एक घाव घालत, आणि मान वाकडी करून ऐकत. "काळा बर्फ खरं बोलतो," काचेसारख्या घट्ट बर्फावर पहार आपटून त्या म्हणायच्या. "पांढरा बर्फ म्हंजे पाहुणा. बसलाय तोवर बसलाय." पूर्वी एप्रिलातसुद्धा तळ्यावरून ट्रक जायचे, असं त्या सांगत. आता मार्च लागला की वाटेत खडी वर यायची, उताराची जमीन उघडी पडायची. पट्ट्याने मोकळा बर्फ उडाला नाही तर गाडीचं इंजिन गार होत नाही. मग त्या मध्येच थांबून ओंजळी भरभरून बर्फ गाडीखाली टाकायच्या आणि म्हणायच्या, "तापली गं बाई. हिला बी आता झेपत न्हाई."

दर गुरुवारी आम्ही पलीकडे जायचो, लुसीलकडे. लुसील फ्रेंच बोलणारी विधवा. दोघींचे नवरे एकाच खाणीत कामाला होते. तिचं घर पलीकडच्या काठावर एकटं. रस्ता आहे, पण हिवाळ्यात तो कुणी साफ करत नाही, आणि बर्फ वितळला की तो चिखलात बुडतो. उन्हाळ्यात होडी, हिवाळ्यात बर्फ, एवढीच जायची सोय. फोन तिथे लागत नसे. तिची बोटं संधिवाताने वाकडी झाली होती, आणि केस मात्र कमरेपर्यंत, पांढरेशुभ्र. अक्का दर गुरुवारी जाऊन तिला न्हाऊ घालायच्या. लाकडाच्या स्टोव्हवर पाणी तापवायचं, लुसील खुर्चीत मागे मान टाकून बसायची, मी तांब्याने पाणी घालायची आणि अक्का शिकेकाई चोळायच्या. लुसील माझ्याशी फ्रेंचमध्ये बोले, मी हळूच मराठीत उत्तर देई. तिथे मला लाज वाटत नसे, कारण कुणालाच काही कळत नव्हतं.

"हिला केस काप म्हटलं तर कापत न्हाई," अक्का केसांतून फणी फिरवत म्हणायच्या. "मला कामाला लावायला वाढवलेत." लुसीलला वाटायचं आपलं कौतुक चाललंय. ती हसून मान डोलवायची.

अक्कांचा एक नियम होता, तो त्यांनी मला पहिल्याच वर्षी सांगितला. माग दिसला की रस्ता उघडा. वाट बंद केली, आडवा दांडा लावला, पाटी टांगली, तरी पलीकडे एका गाडीचा ताजा माग दिसला की मागून येणारा म्हणतो, तो गेला ना, मग मीही जातो. एकदा असंच कुणीतरी दांड्याला वळसा घालून गेलं. त्याच्या मागावरून दोन तरुण गेले आणि बर्फाखालच्या पाण्यात रुतले. ते ओले, काळेनिळे होऊन चालत परत आले. गाड्या तळ्यात गेल्या. तेव्हापासून अक्का वाट बंद केल्यावर स्वतःही पाऊल टाकत नसत. आणि बंद केल्यापासून होडी चालेपर्यंत लुसील तिकडे एकटी. त्या दिवसांना अक्का 'अधलंमधलं' म्हणायच्या. ना बर्फ, ना पाणी.

मी सांगते ते त्यांचं इथलं शेवटचं वर्ष. त्या साली मार्चच्या सुरुवातीलाच पाऊस पडला. मग ऊन. अक्का सकाळी तळ्यावरून आल्या त्या पायरीवरच बसल्या.

"गावातला मोटेलवाला म्हणतो, वाट उघडी ठेवा, वन मोर वीकेंड. स्नोमोबिलवाल्यांचं बुकिंग झालंय म्हणे. मी म्हटलं, पाण्याला वीकेंड कळत न्हाई."

"म्हणजे बंद?" मी विचारलं.

"बंद."

"आणि गुरुवार?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी सहसा काही विचारत नसे. त्यांनी बूट झटकले. मग म्हणाल्या, "ह्या वर्षी अधलंमधलं लई लांब व्हणार घुमे. आणि तिला मागल्या गुरुवारी खुर्चीतनं उठता येईना, बघितलंस न्हवं?"

मी बघितलं होतं. "तिला इकडे आणू या," मी म्हटलं.

"ती यायची न्हाई. एवढ्या वर्षांत आली न्हाई ती आत्ता कशाला येईल."

"मग तुम्हीच एकदा जाऊन या. हळू."

"आणि परत आलेला माग? दोन माग दिसले की वाट चालू हाय म्हणतील लोक. दुसऱ्याला बंद आणि मला उघडी, असं असतं होय?"

दुसऱ्या दिवशी पहाटे कडक थंडी पडली होती. त्या दारात आल्या तेव्हा गाडीमागे जोडलेल्या घसरगाडीवर तांदळाची पिशवी, डाळ, औषधं आणि एक वळकटी बांधलेली होती. "मी जाते," त्या म्हणाल्या. "होडी चालंपर्यंत तिथंच ऱ्हाते. परतीचा माग न्हाई, म्हणजे प्रश्न न्हाई. पण जाताना पडंल तो पुसायला ऊन पाहिजे. दुपारपर्यंत मिटंल. तोवर दांडा आडवा टाक आणि कुणाला जाऊ देऊ नको."

"मी? अक्का, मला इंग्रजी..."

"तुला शब्द किती लागतात? एक. क्लोज्ड. पोचले की दिवा मारते."

मला त्यांना थांबवायचं होतं. बर्फाची भीती होती, आणि दुसरंही होतं. त्या गेल्या की मी पुन्हा त्या फ्रिजजवळ. पण ते तोंडातून निघालं नाही. त्या पहारीने ठोकत ठोकत थोडं चालत गेल्या, मग गाडीवर बसल्या, मग पुन्हा उतरून चालल्या. शेवटी ठिपका झाल्या. मी किती वेळ उभी होते कुणास ठाऊक. पलीकडच्या काळ्या रेघेत दिवा लागला, विझला, पुन्हा लागला. तेव्हा मी दांडा आडवा टाकला.

ऊन वर आल्यावर दोन माणसं स्नोमोबिलवरून आली. एकाने दांड्याकडे बघितलं आणि पलीकडच्या मागाकडे बोट दाखवलं. "सम्बडी वेंट," तो म्हणाला.

"क्लोज्ड," मी म्हटलं. आवाज इतका बारीक निघाला की त्याने इंजिन बंद करून पुन्हा विचारलं. मी पुन्हा म्हटलं. तो हसला आणि दांड्याला वळसा घालायला गाडी वळवू लागला. दुसरा शब्द काही सुचेना. मी पलीकडे जाऊन त्या मागावरच बसले. बर्फात, मांडी घालून.

पहिला काहीतरी पुटपुटला. दुसऱ्याने थर्मासमधून मला कॉफी ओतून दिली, आणि दोघं मागे फिरले. त्यानंतर आणखी एकजण आला, तो मला बघूनच वळला.

संतोष त्या दिवशी लवकर घरी आला. "आई, तू इथे काय करतेस?"

"बसलेय."

"बर्फात? अक्का कुठे आहेत?"

मी तळ्याकडे बघितलं. त्याला कळलं. तो ओरडणार होता, पण नुसता माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. तोवर माग जवळजवळ मिटला होता. नुसती ओली चकाकी राहिली होती.

ते अधलंमधलं खरंच लांबलं. बर्फ राखाडी झाला, काठापासून सुटला, मग वाऱ्याने सगळा एका रात्रीत मोडून एका बाजूला ढकलला. मी रोज सकाळी लुसीलच्या चुलीचा धूर शोधायची. धुकं असलं की दिवसभर खिडकीपाशी खेपा घालायची. संतोष म्हणायचा, "आई, त्या दोघी आहेत, मजेत असतील." मला ते माहीत होतं. त्या दोघी होत्या.

पाणी मोकळं झाल्यावर लुसीलचा मुलगा होडी घेऊन गेला आणि दोघींना घेऊन आला. लुसीलला धरून उतरवावं लागलं. तिची वेणी घातलेली होती, अगदी आपल्याकडे घालतात तशी, घट्ट. मुलगा तिला तिथूनच आपल्या गावी घेऊन गेला. ती पुन्हा पलीकडे राहायला गेली नाही.

त्यानंतर अक्कांचं मन इथे लागेना. क्लबाने पुढच्या हिवाळ्यापासून वाट तळ्यावरून न नेता जंगलातून न्यायचं ठरवलं. तळ्याचा भरवसा राहिला नव्हता, आणि अक्कांनीच त्यांना तसं सांगितलं होतं. उन्हाळ्यात घर विकलं गेलं. त्यांचा मुलगा टोरांटोजवळच्या स्कारबरोहून गाडी घेऊन आला. निघताना त्या माझ्याशी काही बोलल्या नाहीत, माझ्या भावजयीने गावाहून पाठवलेलं लोणचं नीट मुरलं नाही यावरच बोलत राहिल्या. गाडीत बसल्यावर काच खाली करून म्हणाल्या, "माझी बर्फावरची गाडी लुसीलच्या शेडमध्येच पडून हाय. तळं गोठून घट्ट धरलं की मला फोन कर. क्लबातल्या दोघांच्या मागं बसून आपण जाऊ, आणि येताना तुला मागं घालून आणीन."

फोन त्याच करतात, दर आठवड्याला. मुलाचा कॉन्डो अकराव्या मजल्यावर आहे. मॉल समोर आहे, देऊळ बसच्या वाटेवर आहे, मराठी बायका आहेत. "इथं सगळं उघडंच असतं गं," त्या एकदा म्हणाल्या. "पण जायचं कुणाकडं?"

पहिल्या हिवाळ्यात तळं नीट धरलंच नाही. मागच्या हिवाळ्यात धरलं, पण मध्ये पाऊस झाला आणि वर पांढरा बर्फ चढला. जानेवारी सरताना त्यांचा फोन आला. आवाज वेगळाच होता, तरतरीत. पिशवी भरून ठेवली आहे म्हणाल्या. मुलगा कामासाठी इकडे येणार होता, त्याच्याबरोबर येणार. "क्लबवाले काय बी म्हणू देत. तू तळं बघितलंस का?"

मी सकाळीच जाऊन आले होते. काठापासून थोड्या अंतरावर बर्फाखालून पाणी वर आलं होतं. लांबून बघणाऱ्याला मात्र सगळं पांढरं, घट्ट दिसत होतं. मी 'धरलंय' म्हटलं असतं तर त्या आल्या असत्या. माझ्या स्वयंपाकघरात बसल्या असत्या. मला घुमे म्हणाल्या असत्या. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे मला न उठवता तळ्यावर गेल्या असत्या. ते मला चांगलं माहीत होतं.

"बघितलं," मी म्हटलं. "नका येऊ अक्का."

"चार दिवस बी न्हाई?"

"नाही. बंद आहे."

मग त्या म्हणाल्या, "बरं. शाबास." मला वाटलं आता फोन ठेवतील. त्यांनी ठेवला नाही. मीही ठेवला नाही.