कांजी केलेली निशाणं

आमच्या रेंजवरची वाऱ्याची निशाणं अजूनही मीच धुते. साध्या पाण्यात, साबण न लावता, न पिळता, आणि सावलीत वाळवते. नव्या मुलींपैकी कोणी मदतीला आली तर तिला मी हात लावू देत नाही. बाई खडूस आहेत असं त्या आपसात म्हणतात, आणि ते खोटं नाही.

ज्यांनी रायफल कधी धरली नाही त्यांच्यासाठी सांगते. पन्नास मीटरवरच्या टार्गेटवर आम्ही पालथं पडून गोळी मारतो. टार्गेटचा मधला ठिपका शर्टाच्या बटणाएवढा. गोळी लहान आणि हलकी, त्यामुळे वारा तिला वाटेत ढकलतो. डावीकडून वारा आला की ती उजवीकडे सरकते. म्हणून आपण आणि टार्गेट यांच्या मधल्या जागेत काठ्यांवर हलक्या सुती कापडाच्या पट्ट्या लावतात. पट्टी कुठे झुकली, किती उचलली गेली, हे बघायचं आणि त्याप्रमाणे रायफलवरची नेमाची साइट फिरवायची, नाहीतर गप्प पडून राहायचं. धुळ्यात हे शिकल्यावाचून गत्यंतर नाही. साक्रीकडच्या डोंगरांवर पवनचक्क्या काही शोभेसाठी उभ्या केलेल्या नाहीत.

रेंज शिंदखेडा रस्त्याला आहे, एका निवृत्त सुभेदारांच्या पडीक तुकड्यावर. त्यांना सगळे नाना म्हणतात. मी देवपुरातल्या एका शाळेत खेळाची शिक्षिका. तिशी उलटल्यावर मुलींना घेऊन तिथे गेले आणि मुली सुटल्या, मीच अडकले. नानांनी मला वारा वाचायला शिकवलं. ते म्हणायचे, गालाला लागलेला वारा फसवतो, कारण तो फक्त तुझ्यापाशी असतो. निशाण फसवत नाही. मी ते अगदी शब्दशः मानलं. पुढे काय झालं त्यात या मानण्याचाही वाटा आहे, पण तेव्हा ते सुचलं नाही. तेव्हा दोष द्यायला दुसरं माणूस समोर होतं.

घरात आम्ही दोघीच, आई आणि मी. आईला दमा होता. श्वासाचा पंप ती कमरेच्या पिशवीत ठेवायची आणि जिना चढताना मधल्या पायरीवर बसायची. चूल फुंकायचे दिवस गेले म्हणून गॅसचे उपकार मानायची. पण एका कामात तिला दमा आठवत नसे. आमच्या गल्लीतल्या विहारावरचा पंचशील ध्वज दरवर्षी जयंतीच्या आधी तीच उतरवून घ्यायची. तो धुवायची, तांदळाची कांजी करायची आणि इस्त्री फिरवून स्वतः नेऊन द्यायची. तिची पांढरी साडीही तशीच. इतकी कडक, की रिक्षात बसताना कागदासारखी वाजायची. मी चिडवायचे, की माय, तुला नुसती उभी केली तरी साडी तुला धरून ठेवेल. ती हसायची आणि हसताना खोकायची.

राज्य स्पर्धेसाठी निवड चाचणी त्या वर्षी आमच्याच रेंजवर ठरली. महिलांमधून दोघींना घेणार होते. मी तेव्हा माझ्या सगळ्यात चांगल्या फॉर्ममध्ये होते, आणि वय बघता पुन्हा असं जमेल याची खात्री नव्हती. निशाणांच्या कडा उसवल्या होत्या, म्हणून नानांनी ती पिशवी माझ्याकडे दिली. मी घरी टाके घातले आणि पिशवी खुंटीला लावून शाळेत गेले. चाचणीच्या सकाळी तीच पिशवी उचलली, रेंजवरच्या गड्याच्या हातात दिली आणि रायफल काढायला बसले. पिशवी उघडून बघितली नाही.

माझी पाळी पहिल्याच तुकडीत होती. सरावाच्या गोळ्या चांगल्या गेल्या. मग गुणांच्या गोळ्या सुरू झाल्या आणि उजवीकडे जायला लागल्या. मी निशाणांकडे बघितलं. सगळी सरळ खाली, हलत नव्हती. म्हणजे वारा नाही. म्हणजे चूक माझी, बोट ट्रिगरवर वाकडं पडतंय. डाव्या गालाला गार लागत होतं, ते मला कळत होतं. पण गाल फसवतो असं मी शिकले होते. मी कोपर हलवलं, रायफलचा पट्टा सैल केला, श्वास बदलला आणि होतं तेही घालवून बसले.

तुकडी संपल्यावर नाना मधल्या जागेत गेले. एक पट्टी बोटांनी चाचपली, कानाजवळ नेऊन चुरगळली, आणि तिथूनच मोठ्याने विचारलं की हिला कांजी कोणी केली. सगळे हसले. नानाही हसले. गड्याने पट्ट्या काढून पाण्यात बुचकळल्या, पिळल्या, झटकून परत लावल्या, आणि पुढच्या तुकडीला वारा दिसायला लागला. त्या तुकडीतल्या जळगावच्या दोघी निवडल्या गेल्या. मी तिसरी.

घरी येईपर्यंत माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. आई दारातच उभी होती, निकाल ऐकायला. आम्ही घरात अहिराणीच बोलतो, पण रागात मी शाळेतली मराठी बोलते.

"तुला जे कळत नाही त्यात हात घालत जाऊ नकोस," मी म्हणाले. "आयुष्यात एकदा मला काहीतरी मिळणार होतं."

तिला आधी समजलंच नाही. मी सांगितलं तेव्हा ती खाली बसली.

"माले वाटनं, निशान शे," ती म्हणाली. "मयेल निशान कोन लावस?"

मळकं निशाण कोण लावतं. तिच्या दृष्टीने त्यात काही चुकीचं नव्हतं. माझ्या स्पर्धेसाठी जे लागणार होतं त्याचा तिने विहारावरच्या ध्वजाइतका मान ठेवला होता. हे मला आज लिहिता येतं. त्या दिवशी मी आत जाऊन दार लावून घेतलं.

नानांनी पिशवी परत दिली होती, कांजी नीट काढून आण म्हणून. मी ती कोपऱ्यात टाकली. दुसऱ्या दिवशी पट्ट्या गच्चीवरच्या दोरीवर दिसल्या. तिसऱ्या दिवशी पुन्हा ओल्या. पुढच्या रविवारी पिशवी माझ्या बुटांजवळ ठेवलेली होती. मी ती रेंजवर नेली, पट्ट्या लावल्या. छान हलत होत्या, पहिल्यापेक्षाही मोकळ्या. संध्याकाळी पिशवी परत घरी आणून खुंटीला लावली. जेवताना आईने विचारलं, "आते हालतस का निशानं?"

मी ताटातून मान वर केली नाही. भाकरी मोडली आणि खाल्ली. तिने पुन्हा विचारलं नाही. नंतर आमचं बोलणं हळूहळू पूर्ववत झालं, दूध, भाजी, औषधाच्या गोळ्या, पंप. पण तो प्रश्न तसाच राहिला. मला वाटलं, देऊ की उत्तर, आई कुठे पळून चाललीय.

थंडीत तिचा दमा वाढला. दवाखान्यात नेलं, चार दिवस ठेवलं, पाचव्या दिवशी सकाळी गेली. शेवटचे दोन दिवस तोंडावर मास्क होता आणि तिला बोलता येत नव्हतं. मला येत होतं.

जलदान विधीच्या दिवशी शेजारच्या अक्का माझ्याजवळ येऊन बसल्या. त्यांची आणि आमची गच्ची लागून आहे. त्यांनी विचारलं, तिनं त्या पट्ट्या कशासाठी धुतल्या ते तुला माहीत आहे ना. मी हो म्हटलं. मग त्यांनी जे सांगितलं ते मला माहीत नव्हतं. रविवार उलटून गेल्यावर, मी शाळेत असताना, आईने पिशवीतली एक पट्टी काढून झाडूच्या दांड्याला बांधली होती. त्या दुपारी वारा पडला होता.

"तोंडनी हवा देत व्हती," अक्का म्हणाल्या. "दमा उठना तरी देत व्हती. मी वरडनू. तर म्हने, पोरगी सांगस नही, मंग मीच पाही लेस."

लहानपणी गुडघा फुटला की ती जखमेवर फुंकर घालायची. त्या फुप्फुसात उरलेला श्वास तिने माझ्या एका पट्टीवर घातला, कारण मी दोन शब्द बोलले नाही. मला रडायलाही लाज वाटली. लोकांना वाटलं, पोरगी दगड झालीय.

त्यानंतर तीन महिने मी रेंजवर गेले नाही. मग नानांनी निरोप धाडला आणि मी गेले, कारण घरात बसून तरी काय करणार होते. त्या सकाळी वारा अगदी पडलेला होता. नेमबाजाला अशीच सकाळ हवी असते. बाकीच्यांच्या गोळ्या पटापट सुटत होत्या. मी गोळी भरली, गाल टेकवला, आणि पट्ट्या बघितल्या. सरळ खाली. मारायला हवी होती. मी पडून राहिले. किती वेळ ते ठाऊक नाही. कोपर दुखायला लागलं, डोळ्यांत पाणी आलं आणि साइट दिसेनाशी झाली.

मग सगळ्यात जवळच्या पट्टीचं टोक थोडं उचललं गेलं आणि परत खाली आलं.

"हालतस, माय," मी म्हणाले. वरातीमागून घोडं.

शेजारच्या लेनवरची मुलगी वळून बघायला लागली. मी गोळी बाहेर काढली, रायफल खाली ठेवली आणि नानांना सांगितलं की आज पट्ट्या घरी नेते, धुवायला झाल्यात.