मागची मोकळी जागा

आमच्या गल्लीतली शिंपीणबाई ब्लाउज शिवायची आणि माणसं ओळखायची. दोन्हींत तिचा हात सहसा चुकत नसे. तिच्या खिडकीखालच्या भिंतीपलीकडे दफनभूमी होती. अर्थात हा शब्द फाटकावरच्या पाटीवरचा. तिच्या घरात पहिल्यापासून ‘मसणवटा’च म्हणायचे. आईला तिथेच पुरलेलं. ‘मसणवट्यात जाऊन येते’ हे त्या घरात ‘दुकानात जाऊन येते’ इतकं साधं वाक्य होतं. सुईतला दोरा तुटला तरी बाई म्हणायची, “मसणात गेलं मेलं!”

तिचा मोठा भाऊ गवंडी. चार घरं सोडून राहायचा. एकदा चहा पिता पिता म्हणाला, “मागच्या मोकळ्या जागेत गवत फार माजलंय.”

“मोकळी जागा कुठली, दादा?”

“तीच गं. भिंतीपलीकडची.”

बाईच्या मनात पाल चुकचुकली. बिल्डरांकडे कामाला जाणारा माणूस मसणवट्याला मोकळी जागा म्हणतो? मोकळी कुणासाठी? पुढच्या खेपेला तो नुसतंच ‘तिकडे’ म्हणाला. वहिनीला विचारलं, तर ती नजर चुकवून घासलेलीच भांडी परत घासायला लागली. दोघांचं काहीतरी शिजतंय, याची बाईला खात्रीच पटली. आईच्या डोक्यावर इमारत उभी राहणार आणि पाया खणणार पोटचा पोरगा! तिने भावाशी बोलणं टाकलं.

एका सकाळी तो खिडकीतून दिसला. आईच्या कबरीशेजारी टेप लावून वाकला होता. बाई हातातलं काम टाकून धावली.

“किती मजले चढवताय?”

“कसले मजले?” तो गोंधळला. मग टेप गुंडाळत हळूच म्हणाला, “आईशेजारी माझ्यापुरती जागा आहे का, बघत होतो. पोटात गाठ निघालीय. ऑपरेशन करायचंय. तुझ्या वहिनीला मीच गप्प बसवलं होतं.”

“आणि मोकळी जागा, मोकळी जागा काय चालवलं होतंस?”

“तो शब्द जिभेवर येईना गं.”

बाई वाकून आईच्या कबरीवरचं गवत उपटायला लागली. काय काय संशय घेतले, ते सांगायची तिला लाज वाटली.

गाठ वाईट निघाली, पण वेळेत निघाली. भाऊ आता कामावर जातो. तो वाळलाय, म्हणून बाईने त्याचे सगळे शर्ट शिवणीतून आत घेऊन दिले. डॉक्टर काय म्हणाले ते तो स्वतःहून सांगतो. बाई ऐकून घेते, मान डोलावते आणि वहिनीकडे जाऊन पुन्हा विचारून येते.