बाबा, तांडेलकी आणि तो सेनापती

मिठबावच्या किनाऱ्यावरची आमची रापण बाबांनी उभी केली. रापण म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायचं लांबलचक जाळं. एकमेकांचं तोंड न बघणारी घरं त्यांनी एकत्र आणली आणि तेच तांडेल, म्हणजे रापणीचे म्होरके, झाले. पाण्यावर मासळीची काळी छाया दिसली की ते हात वर करायचे आणि होडी जाळं घेऊन सुटायची. त्या हातापुढे कुणी ब्र काढायचा नाही, अशी रीत.

मग त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. त्या हंगामात ढगाची सावली बांगड्यांचा थवा समजून त्यांनी कितीदा तरी रापण टाकायला लावली. सगळ्यांना दिसत होतं, पण मेले मूग गिळून ओढत राहिले. कुरकुर करायची ती आपापल्या घरी. रापणीतली घरं पुन्हा फुटायची वेळ आली. आई चुलीशी धुमसायची, "डोळ्यांक दिसणा नाय आणि तांडेलकी सुटणा नाय." पण बाबांना तोंडावर सांगायची छाती तिचीही नव्हती.

त्या पावसाळ्यात मी त्यांना शाळेत बक्षीस मिळालेलं एक चरित्र वाचून दाखवत होते. सातासमुद्रापलीकडच्या एका देशाचा सेनापती, पुढे तिथला पहिला अध्यक्ष. बाबांना तो फार आवडला. त्याचे सैनिक बर्फात अनवाणी, उपाशी, आणि हा त्यांना सोडून घरी जात नाही, ते पान त्यांनी मला पुन्हा वाचायला लावलं. "तो हरलो तरी माणसां ऱ्हवली बघ," म्हणाले. त्याच्या शेतावर गुलाम राबायचे हे आलं, तेव्हा मात्र "ह्या बरा नाय" म्हणून तोंड वाकडं केलं.

मग शेवटचा भाग आला. लोक सोडायला तयार नव्हते, तरी दोनदा अध्यक्ष होऊन तो आपल्या शेतावर परत गेला.

"तो आपणहून गेलो?"

"होय."

"मगे कारभार कोणी बघलो?"

"दुसऱ्याने."

बाबांनी तोंड दाराकडे फिरवलं. मी टोमणा मारला असं त्यांना वाटलं की काय, या भीतीने मी पुस्तक मिटून ठेवलं.

नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ द्यायचा मान तांडेलाचा. बाबांनी गाऱ्हाणं घातलं, सगळ्यांसाठी समुद्राकडे मागणं मागितलं, आणि नारळ धाकट्या काकांच्या हातात ठेवला.

पुढच्या रापणीला हात काकांनी वर केला. बाबा सगळ्यांच्या मागे उभे राहून दोरी ओढत होते. जाळं वर आलं तर आत नुसतं शेवाळ आणि चार खेकडे. सवयीने सगळ्यांच्या माना बाबांकडे वळल्या, काकांचीसुद्धा. बाबांना ते दिसलं नसेल, पण सगळे गप्प झालेले त्यांना कळलं. ज्या भावाला त्यांनी जन्मभर 'अरे' म्हणूनच हाक मारली होती, त्याला ते म्हणाले, "तांडेला, सांगा, आता रापण खंय टाकूची?"