ढिले दाणे

बायको गेल्यापासून ट्रंकेत पडलेलं तिचं क्रोशाचं ब्लँकेट आज उन्हात टाकलं. त्याच्या अंगभर विणलेले हरभऱ्याएवढे लोकरीचे दाणे. सुरुवातीचे दाणे घट्ट, दाबले तरी बसत नाहीत. पुढेपुढे ढिले होत गेलेत आणि शेवटचे तर नुसते लोंबतात. तिच्या हातातलं बळ असं रांगेरांगेनं जात होतं. मी समोरच बसून म्हणायचो, "दिवसभर सुई हलवतेस, चहाला मात्र उशीर!"

"एकदा धरून बघा की सुई," एवढंच म्हणायची. हात दुखतात असं कधी बोलली नाही. बोलली असती तरी मी चहाच मागितला असता.

सून म्हणाली, "बाबा, ढिल्या रांगा उसवून नीट विणून देते."

"हात लावू नकोस," मी ओरडलो. "ती होती तेव्हा बघितलं नाही. आता तरी बघू दे."